अंगकाठी लहान, मग विद्या कोणती?

पोर अंगाने किरकोळ असले की घरची माणसे दोन गोष्टी हमखास सांगतात : पोटभर खात जा आणि कुणाच्या वाटेला जाऊ नको. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. शाळेच्या वाटेवर किंवा एस.टी.च्या गर्दीत जो प्रसंग ओढवतो, तो पोराचे वजन बघून थांबत नाही. म्हणून बारक्या मुला-मुलींना स्वसंरक्षणाची कोणती विद्या शिकवावी, याचा विचार आज आम्ही पालकांसमोर मांडत आहोत.

सुरुवात औंधपासून करू. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील हे गाव पूर्वी संस्थानची राजधानी होते. संस्थानचा आटपाडीकडचा मुलूख आज सांगली जिल्ह्यात आहे. येथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडून नमस्कार घालून घेतले. त्यातले मंत्र वगळले तरी व्यायाम उरतोच, आणि तो बौद्ध घरातील मुलांनीही खुशाल करावा. पाठ लवचीक होते, दम वाढतो. पण नमस्कार घालताना समोर कोणी नसते. कोणी मनगट धरले तर काय करायचे, हे त्यातून कळत नाही.

याच खटाव तालुक्यात गोरेगावला बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार नोकरीला होते. १९०१ साली त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर त्यांना गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली, आणि रात्र पाण्यावाचून काढली. तसला अन्याय कुस्तीच्या डावाने मोडत नाही. त्याला शिक्षण, संघटना आणि कायदाच लागतो. पण परक्या ठिकाणी लहान जिवाला वाटणारी भीती काय असते, हे त्या प्रसंगातून उमगते. स्वसंरक्षणाची विद्या शिकायची ती ही भीती कमी करण्यासाठी.

मसूर ज्या कराड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव. जन्म १९२६ चा, चण लहान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हा मान एखाद्या आडदांड मल्लाने नव्हे, तर सातारा जिल्ह्यातल्या हलक्या वजनाच्या पैलवानाने मिळवला, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

आता जपानकडे वळू. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास होती. तरुणपणी दांडगी मुले त्रास देत, म्हणून ते जुजुत्सू शिकले. त्यातले घातक प्रकार बाजूला ठेवून त्यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली. ती भरली टोकियोतील एईशोजी या बौद्ध विहारात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत! ताकद वाया न घालवता तिचा पुरेपूर उपयोग करणे आणि आपल्याबरोबर दुसऱ्याचेही भले साधणे, ही त्यांच्या विद्येची दोन सूत्रे.

बारक्या माणसाला ज्युदो आणि कुस्ती का मानवते? धोबीपछाड डाव पाहा. समोरच्याला पाठीवर घेऊन पुढे टाकायचे, तर आपली कंबर त्याच्या कमरेखाली जावी लागते. उंच माणसाला त्यासाठी खूप वाकावे लागते, ठेंगण्याला ते सहज जमते. ज्युदोतला सेओई-नागे हा डाव याच जातीचा. शिवाय ज्युदोचा पहिला धडा असतो पडायचे कसे याचा. डोके न आपटता पडता येणे ही विद्या जन्मभर उपयोगी पडते.

मात्र भाबडेपणा नको. वजनाला किंमत असतेच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वजनाची अट नसलेल्या गटात साडेसहा फुटी डच ज्युदोपटू अँटन गीसिंक यांनी जपानच्या कामिनागांना जपानमध्येच हरवले. दोघांनाही विद्या सारखीच येत असेल, तर वजनदार माणूस वरचढ ठरतो. स्पर्धेत वजनगट असतात ते यासाठीच. कराटे, तायक्वांदो आणि बॉक्सिंग या विद्याही चांगल्या आहेत, पण त्यांत लांब हातापायांचा फायदा मोठा. बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा आमचे मत असे : जवळपास ज्युदोचा चांगला वर्ग असेल तर तो आधी पाहावा. नसेल तर कुस्ती. तेही नसेल तर कराटे, पण जेथे जोडीदारासोबत खरा सराव होतो, तेथेच. नुसते हवेत हात-पाय मारून पट्टे मिळत असतील, तर पैसे वाचवावेत. नाव घालण्याआधी एक दिवस बसून वर्ग पाहा. शिक्षक नवख्याला धसमुसळ्या पोराच्या हाती देतात का? पालकांना बसू देतात का? मुलींशी वागणे कसे आहे? पोशाख आणि पट्ट्याच्या परीक्षेचा खर्च किती? तालमीत मारुतीची तसबीर असते. आपल्या पोरावर पूजेची सक्ती नको, एवढे वस्तादांना आधीच नम्रपणे सांगावे. ज्युदोत जोडीदाराला वाकून अभिवादन करतात, त्यात मात्र पूजा नाही.

आणखी एक. वजन उतरवण्यासाठी वाढत्या मुलांना उपाशी ठेवू नका. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, रात्रभर वजन उतरवीत राहिल्या, आणि तरी शंभर ग्रॅमसाठी बाद झाल्या. आपल्या पोरांना भाकरी, डाळ, अंडी आणि झोप द्या. वजनगट आपोआप ठरेल.

कोणी विचारील, बौद्धांनी हे शिकावे का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसा हे तत्त्व मानले आहे, आंधळा नियम मानलेला नाही. मारण्याची हौस वेगळी आणि स्वतःला वाचवण्याची गरज वेगळी. म्हणून मुलांना सांगा : धरलेला हात सोडवायचा, मोठ्याने ओरडायचे, माणसांत पळत जायचे, ११२ ला फोन करायचा आणि घरी येऊन सगळे सांगायचे. आणि पोर सांगायला आले, की आपण न रागावता ऐकून घ्यायचे. ही विद्या मात्र पालकांनीच शिकायची आहे.

जयभीम!