दारी आलेला कुत्रा : पाळण्यापूर्वी मालकाचा शोध घ्या

वाशीच्या बाजार समितीत भाजीपाला उतरवून परतताना, जवळच्या कोपरखैरणे परिसरातील एखादा गरीब स्वभावाचा कुत्रा टेम्पोत घालून वाडीवर आणावा, असा मोह होणे स्वाभाविक आहे. राखणीला कुत्रा हवाच असतो. परंतु गळ्यात पट्टा नाही म्हणजे मालक नाही, असे समजू नये.

कोपरखैरणे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, पुढे जमिनी संपादित झाल्या आणि गावठाणालगत सेक्टर वसले. खेड्याप्रमाणेच गावठाणातील पाळीव कुत्राही मोकळा हिंडतो, सेक्टरमध्ये दोन घरी खातो आणि रात्री मालकाच्या दाराशी येतो. आपल्या वाडीवर येणारा कुत्राही असाच शेजारच्या वस्तीवरचा असू शकतो.

ओळख कशी पटवावी?

१) मानेभोवती केस झिजलेले असणे, हाकेला येणे, घरात शिरण्याची सवय ही पाळीव असल्याची लक्षणे होत.

२) कानाला खाच असल्यास नसबंदी झालेली असते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार असे भटके कुत्रे पकडलेल्या जागीच परत सोडले जातात. त्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांना विचारल्याशिवाय ते हलवू नयेत.

३) काही पाळीव कुत्र्यांच्या खांद्याजवळ कातडीखाली मायक्रोचिप असते. वाचक यंत्र असलेल्या पशुवैद्यकाकडून ती तपासून घ्यावी.

शोध कसा घ्यावा?

आसपासची घरे, किराणा दुकान, दूधवाला व सोसायटीचा रखवालदार यांच्याकडे विचारपूस करावी. गळ्यात सैलसर दोरीने चिठ्ठी बांधावी : "हा कुत्रा आपला आहे काय? या क्रमांकावर कळवा." मालक असल्यास बहुधा चिठ्ठीच उत्तर आणते. महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात अथवा ग्रामपंचायतीत नोंद द्यावी.

घाई का करू नये?

रेबीज हे मुख्य कारण. कुत्रा चावल्यास जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. त्याचबरोबर चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी लागते. गल्लीत कोणाला चावलेला कुत्रा आपण परगावी नेला, तर ही देखरेख तुटते. शिवाय रोगाचा विषाणू आधीच शरीरात शिरला असल्यास नंतर टोचलेल्या लसीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून नवा कुत्रा काही दिवस मुलांपासून व गोठ्यापासून वेगळा बांधावा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने रेबीजची लस टोचावी, जंतनाशक द्यावे आणि गोचिडांचा बंदोबस्त करावा. रेबीजची लस दरवर्षी द्यावी.

कायदा काय सांगतो?

पाळीव जनावर ही मालकाची जंगम मालमत्ता होय. सापडलेल्या मालमत्तेचा मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी करणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. तसेच पाळलेला कुत्रा विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

लस व औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मालक आल्यास त्या दाखवून खर्चाविषयी सामोपचाराने बोलावे आणि कुत्रा परत करावा. पुरेशी वाट पाहूनही कोणी आले नाही, तरच तो आपला मानावा. मात्र मग त्याची जबाबदारी अखेरपर्यंत आपलीच राहील.