भीतीला काम मिळाले तर...

किल्लारी-सास्तूर पट्ट्यात १९९३ चा भूकंप काही पूर्णपणे न सांगता आला नव्हता. १९९२ च्या पावसाळ्यापासूनच जमिनीतून आवाज येत होते, छोटे हादरे बसत होते. त्यांतला १८ ऑक्टोबरचा तर चांगलाच जाणवण्याजोगा होता. लोक घाबरले, काहींनी रात्री घराबाहेर काढल्या. मग हादरे कमी झाले आणि सगळे पुन्हा माळवदाच्या घरांत झोपू लागले. साधारण ११ महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, जमीन पुन्हा हलली. सुमारे ८ हजार माणसे गेली. सास्तूर, होळी, राजेगाव ही आजच्या लोहारा तालुक्यातली गावे जमीनदोस्त झाली.

आधीच्या हादऱ्यांकडे लोकांनी दुर्लक्ष का केले, असे आज सहज विचारले जाते. खरे तर त्यांनी दुर्लक्ष केलेच नव्हते. पण भीती सतत उगाळत बसणे माणसाच्या मेंदूला परवडत नाही. इशारा मिळतो, काही घडत नाही, पुन्हा इशारा मिळतो, पुन्हा काही घडत नाही. मग मन त्या इशाऱ्याला सरावते. 'आजवर झाले नाही, म्हणजे होणार नाही' असे गृहीत धरण्याची ही सवय जगभर सर्व समाजांत दिसते. त्यात भर अशी, की घाबरलेल्या माणसाने नेमके काय करायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. कृतीची वाट न सापडलेली भीती एक तर गोंधळ माजवते, नाही तर विरून जाते. म्हणूनच 'सावध राहा' एवढे सांगून भागत नाही. 'खाट त्या जाड भिंतीपासून दूर सरकवा' असे सांगावे लागते.

भूकंपानंतर पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या लोकांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यास केला. मोठ्या आपत्तीनंतर झोप उडते, ट्रकच्या आवाजानेही माणूस दचकतो, 'मीच का वाचलो?' हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. आपल्याकडे हे दुःख बहुधा शरीराच्या भाषेत बोलते. छातीत धडधडते, डोके जड होते, अंगात ताकद राहत नाही. डॉक्टरांकडे गेले की सलाईन लागते आणि मूळ दुखणे तसेच राहते.

या भागात तर लोकांना दगडाचीच दहशत बसली. दोष दगडाचा नव्हता. मातीत रचलेल्या, आतून एकमेकींना न बांधलेल्या भिंती आणि माळवदावरचा मातीचा बोजा यांनी माणसे मारली. अशा भिंती बळकट करता येतात, हे अभियंत्यांना ठाऊक होते. पण ज्याने भिंतीखालून आपले माणूस उपसून काढले, त्याला हे पटवायचे कोणी?

याचे उत्तर काही अंशी गावातल्या बायकांनी दिले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. भिंत कशी बांधायची हे त्या शिकल्या, शेजाऱ्यांना समजावू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा यांतल्या काही जणी तिथे मदतीला गेल्या. मला हा मानसिक उपचारच वाटतो, कागदोपत्री त्याला भले बांधकाम म्हटले असेल. आपत्ती माणसाकडून सर्वांत आधी 'माझ्या हातात काही आहे' ही जाणीव हिरावून घेते. ती कामातून परत आली.

याउलट पुनर्वसनात बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेत आखलेल्या वसाहती आल्या. घरे पक्की झाली, पण जुनी गल्ली, ओटा आणि पार मागे राहिले, शेजार विखुरला. शेजार हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त समुपदेशक आहे, हे नकाशा काढताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

तातडीच्या मदतीबाबतची समजही आता बदलली आहे. घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून 'सगळे सांगून टाक' म्हणणे पूर्वी चांगले मानले जाई. अशा एकाच बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो, असे संशोधनाच्या आढाव्यात दिसले. २०११ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेतला मानसिक प्रथमोपचार साधा आहे: आधी परिस्थिती पाहा, बोलायचे असेल त्याचे ऐका, आणि त्याला नातेवाईक, निवारा, दवाखाना यांच्याशी जोडून द्या. यासाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही. आशाताई, शिक्षक, तरुण मंडळाची मुले हे शिकू शकतात. मात्र कित्येक आठवडे झोप नसेल, खाणेपिणे सुटले असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलत असेल, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.

भूकंप पाहिलेली पिढी आता साठी-सत्तरीकडे झुकली आहे. तिचा वर्षदिन दोनदा येतो: एकदा ३० सप्टेंबरला आणि एकदा अनंत चतुर्दशीला. या दिवसांच्या आसपास घरातल्या आजीची झोप बिघडली किंवा रक्तदाब वाढला, तर गोळीची मात्रा बदलण्याआधी डॉक्टरांनी तिला एकदा त्या रात्रीबद्दल विचारावे. तिला सांगायचे नसेल, तर नुसते शेजारी बसावे.