आधी पत्ता, मग माणूस
अमेरिकेत दर 10 वर्षांनी होणाऱ्या जनगणनेचा सगळा डोलारा पत्त्यांच्या यादीवर उभा असतो. घर यादीत नसेल, तर तिथली माणसं मोजणीतून सुटण्याची भीती. तळघरातली भाड्याची खोली किंवा गॅरेजचं केलेलं घर वॉशिंग्टनला कसं कळणार? नगरपालिकेच्या दप्तरात ते सापडू शकतं. (विनापरवाना बांधलेलं तिथूनही निसटतं, ते वेगळं.) म्हणून 1994 च्या कायद्याने स्थानिक संस्थांना ही गोपनीय यादी तपासून राहिलेले पत्ते सुचवण्याची मुभा दिली. सूचना नाकारली गेल्यास अपीलही करता येतं. यादी पाहणाऱ्याला मात्र गुप्ततेची लेखी हमी द्यावी लागते. ती मोडली तर 5 वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही.