आरोळ्यांनी पदवीचे काय केले

1970 साली जामखेडमधल्या गुरांच्या एका जुन्या दवाखान्यात माणसांवर उपचार सुरू झाले. डॉक्टर दोघे, नवराबायको. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. अमेरिकेत क्लीव्हलँडला त्यांनी पुढचे वैद्यकीय प्रशिक्षण घेतले होते आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवीही मिळवली होती. एवढ्या शिदोरीवर त्यांना मुंबईत काय किंवा अमेरिकेत काय, कुठेही मानाची जागा मिळाली असती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी मात्र अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, बीड आणि धाराशिवच्या हद्दीला लागलेले दुष्काळी टोक निवडले.

डॉ. मेबल 1999 मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत मे 2011 मध्ये. दर उन्हाळ्यात मराठी ख्रिस्ती घरांतली मुले पदवीधर होतात, मंडळीत त्यांच्यासाठी प्रार्थना होते, देवाने दिलेली बुद्धी देवाच्या कामी लावा असा आशीर्वाद मिळतो. ती लावायची म्हणजे रोजच्या जगण्यात काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या मुलांच्या हाती तसाच राहतो. जामखेडमध्ये त्याचे चाळीस वर्षांचे, तपशीलवार उत्तर आहे. चर्चची पायरी कधीही न चढलेल्या पदवीधरालाही ते तितकेच उपयोगी पडावे.

रजनीकांत शंकरराव आरोळे यांचा जन्म 1934 मध्ये नगर जिल्ह्यातल्या सुप्याचा. आईवडील दोघेही शिक्षक. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून चालत आले होते, आणि गावकुसाबाहेरच्या कितीतरी कुटुंबांच्या हाती पहिली पाटी आली ती मिशनच्या शाळांमधून. शिक्षकाला मान असलेल्या या वातावरणात वाढलेला मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी वेल्लोरला गेला. डॉ. आयडा स्कडर यांनी 1918 मध्ये फक्त मुलींसाठी सुरू केलेल्या या संस्थेत मुलांना प्रवेश मिळू लागला तो 1947 मध्ये. सेवा करून घ्यायला नव्हे, सेवा करायला आलो, हा मार्काच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा आशय या कॉलेजने ब्रीद म्हणून घेतला आहे. पदवीनंतर काही काळ मिशनच्या रुग्णालयात काम करायचे, हा तिथला रिवाज. मेबल इमॅन्युएल तिथेच शिकत होत्या. त्यांचे वडील जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवत.

1960 मध्ये दोघांचे लग्न झाले. लग्नाच्या दिवशी त्यांनी मिळून आणखी एक शपथ घेतली: खेड्यातल्या, सगळ्यांत मागे ढकलल्या गेलेल्या माणसांसाठी आयुष्य द्यायचे. पंचविशीतल्या माणसांनी अशा शपथा घेणे नवे नाही. ही शपथ टिकली, याचे एक कारण ती दोघांची होती. नवऱ्याच्या ध्येयामागे बायको ओढली गेली, अशी ही गोष्ट नाही. जामखेडच्या कामावरचे पुस्तकही दोघांच्या नावावर आहे, आणि मॅगसेसे पुरस्कारही दोघांना मिळून मिळाला. जोडीदार निवडण्याच्या वयातल्या पदवीधरांनी इथे थोडे थांबून पाहावे. कामाची दिशा आणि संसाराची दिशा आरोळ्यांनी एकाच दिवशी, एकमेकांच्या साक्षीने ठरवली.

मग आले वडाळा. नेवासा तालुक्यातल्या या गावी मिशनचे रुग्णालय होते आणि 1962 ते 1966 ही चार वर्षे दोघांनी तिथे काम केले. बाहेरून पाहणाऱ्याला ते काम उत्तमच दिसत होते. रांगा लागत, शस्त्रक्रिया होत, माणसे बरी होऊन घरी जात. पण दोघांच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली. बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच जुलाबाने पुन्हा येई. एक बाळंतीण वाचे, तर तिच्याच गावातली दुसरी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. खाटांवरच्या बहुतेक रुग्णांचे आजार टाळता येण्याजोगे होते, आणि ते टाळण्याची जागा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर होती. शिवाय खरे गरीब या रुग्णालयात येतच नव्हते.

आरोळ्यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड क्षण हाच असावा. आपले काम चांगले चालले आहे, लोक हात जोडतात, संस्था खूश आहे, आणि तरी आपल्या कामाने गावांतला आजार कमी होत नाही, हे स्वतःशी कबूल करायला मोठी श्रद्धा लागते. कष्टाळू माणसाला आपल्या थकव्याचाच पुरावा पुरतो. या दोघांनी थकव्याऐवजी परिणाम मोजला, आणि जे आपल्याला येत नाही ते शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले.

अमेरिकेला जाण्याचा अर्थ त्यांच्या बाबतीत वेगळा होता, तो यामुळे. खेड्यात एकट्या डॉक्टरला काय काय यावे लागेल, याचा हिशेब आधी झाला होता. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांना डॉ. कार्ल टेलर भेटले. मिशनरी कुटुंबात, भारतात वाढलेले टेलर पंजाबातल्या नारंगवालमध्ये ग्रामीण आरोग्याचे प्रयोग करत होते. परतण्याआधीच जामखेडच्या कामाचा आराखडा कागदावर होता. मात्र एक गोष्ट त्यांनी कागदावर ठरवली नाही: कुठे जायचे. जिथले लोक बोलावतील, जागा देतील, कामात हात लावतील, तिथेच जायचे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि गुरांचा जुना दवाखाना रिकामा करून दिला.

लोकांना पहिल्यांदा डॉक्टर हवाच नव्हता. त्यांना पाणी हवे होते, अन्न हवे होते. 1972 चा दुष्काळ तोंडावर होता. ज्याला शस्त्रक्रिया येते त्याच्याकडे गाव हातपंप मागते, अशा वेळी पदवीधर माणूस सहसा म्हणतो की हे माझे काम नव्हे. आरोळ्यांनी चर्चच्या मदतसंस्थांकडून कूपनलिका खोदण्याची सोय मिळवली. या पंपांच्या जागा दलित वस्तीत धरल्या गेल्या. पाणी हवे तर सगळ्या गावाला तिथे यावे लागे, एकाच पंपाच्या दांड्याला हात लावावा लागे. विटाळावर व्याख्यान देऊन जे झाले नसते ते तहानेने केले. लहान मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाले आणि त्यासाठी शेतकऱ्यांनी धान्य पिकवायला जमिनी दिल्या. संध्याकाळी डॉक्टर गावातल्या पुरुषांबरोबर व्हॉलीबॉल खेळत. खेळ संपल्यावर सगळ्या जातींची माणसे एकत्र बसून बोलत. त्या बैठकांमधून पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली, आणि त्यांच्या मागोमाग महिला मंडळे.

आरोग्याचे काम गावोगाव नेण्यासाठी आधी प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. ते जमले नाही. शिकलेल्या, बाहेरून आलेल्या तरुण मुलींना खेड्यात एकटे राहणे कठीण होते, आणि गावातल्या बायका त्यांच्याशी मोकळे बोलत नसत. तेव्हा गावातूनच सूचना आली: आमच्याच बायकांना शिकवा की. यानंतर जे झाले त्यासाठी जामखेड जगात ओळखले जाते. गावांनी आपापल्या बाया निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित, काही परित्यक्ता, काहींनी स्वतःची लेकरे गमावलेली. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत, एकत्र निजत आणि शिकत. गर्भार बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची पहिली खूण. त्याआधी आणखी एक धडा असे, स्वतःचे नाव मोठ्याने सांगण्याचा. आयुष्यभर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून हाक ऐकलेल्या बाईला चार माणसांत उभे राहून बोलता येणे, हेच अर्धे शिक्षण होते.

डॉक्टरांनी इथे काय सोडले ते नीट पाहायला हवे. पैसा तर त्यांनी आधीच सोडला होता. पैसा सोडणाऱ्याचे कौतुक होते, त्याची आठवण राहते. ज्ञानाची मक्तेदारी सोडणे त्याहून कठीण, कारण त्यात आपले महत्त्वच कमी होते. गावची निरक्षर बाई बाळंतपणातला धोका वेळेत ओळखू लागली, तर एवढी वर्षे पुस्तके वाचलेल्या माणसाची गरज तितकी कमी झाली. आरोळ्यांना तेच हवे होते. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिते केल्याचे वर्णन आहे. त्यावर प्रवचने पुष्कळ होतात. एका शल्यविशारदाने आपल्या विद्येच्या बाबतीत ते रोज, वर्षानुवर्षे कसे पाळावे, याचे उदाहरण मात्र सहज सापडत नाही.

1988 मध्ये गावांनी निवडलेल्या या बायांपैकीच एक आरोग्य कार्यकर्त्या, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनमध्ये जागतिक आरोग्याच्या परिषदेत बोलल्या. सभागृहात भलीमोठी झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी पिशवीतून वातीचे साधे दिवे काढले आणि पेटवले. झुंबर सुंदर असते पण महाग असते, ते पाहायला हजारो मैल यावे लागते, आणि डॉक्टर तसे असतात, असे त्यांनी सांगितले. आपण मात्र या दिव्यासारख्या, स्वस्त, आणि एका दिव्याने दुसरा लावता येतो. सारे सभागृह उभे राहिले. ज्या व्यवसायाला त्यांनी झुंबर म्हटले, त्याच व्यवसायातल्या दोघांनी त्यांना शिकवले होते.

आरोळे दांपत्याची श्रद्धा लपलेली नव्हती, पण ती रुग्णाकडून काही मागत नव्हती. उपचारासाठी, पाण्यासाठी, प्रशिक्षणासाठी धर्माची अट नव्हती. कुष्ठरुग्णाला वेगळ्या वसाहतीत न ठेवता त्याच्याच गावात, बाकीच्यांबरोबर तपासले जाई. प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे हे ज्याला खरे वाटते, तो कुणाला दाराबाहेर बसवणार नाही. जामखेडमध्ये या विश्वासाचा प्रचार कमी झाला आणि पालन जास्त झाले, म्हणून सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या लोकांनी तो प्रकल्प आपला मानला. आज श्रद्धेची चर्चा लगेच तटांमध्ये वाटली जाते, अशा काळात हा नमुना जपून अभ्यासावा असा आहे.

आकडे बोलके आहेत. 1971 मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मलेल्या बालकांपैकी 176 वर्षाच्या आत दगावत. 1996 पर्यंत हा आकडा 26 वर आला. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातल्या आरोग्यप्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण होते, आणि प्राथमिक आरोग्यसेवेसंबंधीच्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यामागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेड होते. 1979 मध्ये मॅगसेसे, 1990 मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. 2005 नंतर देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. गावची बाई गावचे आरोग्य सांभाळू शकते, हे तोवर जामखेडने तीन दशके दाखवून दिले होते.

प्रत्येक पदवीधराने जामखेडला जावे, असा याचा अर्थ काढला तर तो आरोळ्यांवर अन्याय होईल. त्यांची पद्धत मात्र कुठल्याही व्यवसायात चालते. वकिलाकडे तेच पक्षकार त्याच तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे येत असतील, तर वडाळ्याचा प्रश्न त्याच्याही दारात आहे. कर्ज, विमा, करांचे कागद समजावून सांगणाऱ्या वाणिज्य पदवीधराला आपल्याकडचे किती ज्ञान समोरच्याला शिकवून मोकळे होता येईल, हे तपासता येते. इंजिनिअरला गावात योजना नेण्याआधी विचारता येते की आपल्याला इथे कुणी बोलावले आहे का. हे प्रश्न विचारल्याने उत्पन्न घटेल, काही वेळा प्रतिष्ठाही. ती किंमत आरोळ्यांनीही दिली. सुरुवातीला निरक्षर बायकांच्या हाती आरोग्य सोपवल्याबद्दल टीका झाली, आणि ती मुख्यतः शिकलेल्यांकडूनच झाली.

त्यांची मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी पुढे हेच काम हाती घेतले. 1992 मध्ये जामखेडला प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशातून आणि परदेशांतून डॉक्टर, परिचारिका, सरकारी अधिकारी, सामाजिक आरोग्याचे पदव्युत्तर विद्यार्थी तिथे शिकायला येतात. त्यांच्या अभ्यासक्रमात वर्ग घेणाऱ्यांमध्ये गावच्या आरोग्य कार्यकर्त्याही असतात. शाळेत कधी न गेलेली बाई मराठीत बोलते, दुभाषा ते इंग्रजीत सांगतो, आणि समोर बसलेले पदवीधर वहीत लिहून घेतात: गर्भार बाईच्या घरी पहिल्यांदा जाताना आधी कुणाशी बोलायचे, सासूला विश्वासात कसे घ्यायचे, मुलाचे वजन घटले तर रागे न भरता आईला कसे सांगायचे.