सिलिंडरचा भाव कुठे ठरतो?



पनवेल तालुक्यातल्या आपल्या गटांची बैठक भरली, हप्त्यांचा हिशोब झाला, की गप्पा हमखास गॅसवर येतात. अशाच एका बैठकीत एका काकूंनी विचारलं, "लढाई होते आखातात, मग माझी शेगडी का महाग होते?" आम्ही सगळ्या हसलो, पण नीट उत्तर कुणालाच देता येईना. मग आम्ही ते शोधायला बसलो. जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी सरपणाकडे बघू. डोक्यावर मोळी आणताना मान मोडायची, धुराने डोळे जायचे, ते दिवस कुणाला परत नकोत. पण त्या मोळीचा भाव दूरदेशीचा कुणी माणूस ठरवत नव्हता. इंधन लांबून यायला लागलं, त्याला मोठी यंत्रं लागायला लागली, तशी त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली.

याचं जुनं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या गिरण्या पूर्वी कोळशावर चालत आणि तो कोळसा फार लांबून आणावा लागे. 1915 साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून खाली येतं आणि चाकं फिरवतं. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, शहर वाढलं, पैसा वाढला. पुढे मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांच्यासोबत तुरुंगात गेले. तरीही धरण झालं आणि 1927 पासून भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांच्या घरात दिवा लागायला मात्र पुष्कळ वर्षं जावी लागली.

आता तेलाकडे येऊ. कच्चं तेल जगात मुख्यतः अमेरिकेच्या डॉलरमध्ये विकलं जातं. म्हणजे आपल्याला तेल घ्यायचं तर आधी डॉलर कमवायला हवेत. आपण माल परदेशी विकतो, आपली माणसं आखातात राबून घरी पैसे पाठवतात, त्यातून देशाकडे डॉलर येतात. अमेरिकेला मात्र हा खटाटोप करावा लागत नाही, नोट तिचीच आहे. 1971 साली तिने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. तरी जगाला डॉलर लागतच राहिले, त्याचं एक मोठं कारण हे तेल.

1973 साली अरब देश आणि इस्रायल यांच्यात युद्ध झालं. अरब देशांनी अमेरिका आणि तिच्या काही मित्रदेशांचं तेल अडवलं. काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो जवळपास बारावर गेला. एक पिंप म्हणजे 159 लिटर. त्याच सुमारास, फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात 'सागर सम्राट' जहाजावरून खोदताना आपल्याला तेल लागलं. तेच मुंबई हाय. तिथला गॅस समुद्राच्या तळावरच्या नळातून आपल्या शेजारी उरणला येतो. पण देशाची भूक त्याने भागत नाही. आजही कच्च्या तेलाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग आणि स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरून येतो. हा गॅस बहुतेक आखातातून येतो आणि वाटेत होर्मुझची सामुद्रधुनी लागते. सर्वात अरुंद जागी ती तेहतीस-चौतीस किलोमीटर रुंद आहे. तिथे तोफा वाजल्या की जहाजाचा विमाही महागतो आणि गॅसही. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे झालं.

उरलेलं अर्धं रुपयाचं आहे. समजा, एखादी वस्तू दहा डॉलरची आहे. डॉलर 80 रुपयांना असेल तर ती 800 ला पडते, 85 ला गेला तर 850 ला. तिकडे भाव एक पैसा वाढलेला नसतो, तरी इथे पन्नास रुपये जास्त जातात. सरकार मध्ये पडून काही भार उचलतं, म्हणून चटका लगेच बसत नाही. पण तो पैसाही शेवटी आपल्याच करांतून जातो.

हे कुठवर जाऊ शकतं ते 1991 साली दिसलं. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेलाचा भाव दुपटीच्या आसपास गेला. तिथली आपली लाखभराहून जास्त माणसं विमानांनी परत आणावी लागली आणि त्यांच्याकडून येणारे पैसे थांबले. देशाचं कर्ज आधीच वाढलेलं होतं. तिजोरीत परदेशातून माल आणायला जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतील एवढेच डॉलर उरले. तेव्हा जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं मुंबईहून परदेशी पाठवून तारण ठेवलं. घरात अडचण आली की आपण पाटल्या काढून देतो, तसंच देशाने केलं. त्याच महिन्यात रुपयाची किंमतही कमी करावी लागली. सोनं पुढे सोडवलं, पण परक्या इंधनावर बसलेला माणूस किती लवकर गहाणवटीपर्यंत येतो, हे तेव्हा कळलं.

आणि लगेच पुढच्या वर्षी, 1992 मध्ये, आपल्या राज्याने दाभोळच्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी बोलणी केली. करारात विजेचा दर डॉलरशी बांधलेला होता आणि वीज घेतली नाही तरी ठरावीक रक्कम द्यायची होती. गुहागर तालुक्यातल्या लोकांनी विरोध केला. जून 1997 मध्ये वेलदूरच्या कोळी बायकांना पोलिसांनी पहाटे घरांतून उचलून नेलं. 1999 साली वीज सुरू झाली. नंतर तेल महागलं, रुपया उतरला आणि काही महिने एका युनिटला सात रुपयांहून जास्त दर पडला. 2001 साली वीज मंडळाने ती वीज घेणं बंद केलं, त्याच वर्षअखेरीला एन्रॉनचं दिवाळं निघालं. त्या बायका काही अर्थतज्ज्ञ नव्हत्या, पण आपलं नुकसान त्यांनी आधी ओळखलं होतं.

तुम्ही म्हणाल, आता सूर्य आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही. खरं आहे. 2024 पासून छतावरच्या तीन किलोवॅटच्या सौर संचाला केंद्राकडून 78 हजारांपर्यंत अनुदानही आहे. मात्र जगात सौर पॅनेलच्या कामातला दहापैकी आठ भाग चीनमध्ये होतो. ऊन आपलं असलं तरी यंत्राची किल्ली अजून दुसऱ्याकडे आहे. फरक एवढाच की गॅस दर महिन्याला विकत घ्यावा लागतो आणि पॅनेल एकदा बसवलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं. गोठा असेल तर शेणाच्या गॅसचा संच त्याहूनही आपल्या हातातला.

म्हणून गटापुढे कुणी सौर पंप, छतावरचं पॅनेल किंवा जमीन भाड्याने देण्याचा कागद घेऊन आलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. इंधन कुठून येणार? यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि सुटे भाग कुठे मिळणार? दर कसा ठरणार, आणि तो वाढला तर वाढीव पैसे कुणी भरायचे? उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. आणखी एक. उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर येते. पॅनेलची, संचाची कागदपत्रंही तशीच आपल्या नावावर करून घ्या. ज्याच्या नावावर कागद, त्याला विचारल्याशिवाय व्यवहार होत नाही. हे देशांना लागू आहे, तसंच आपल्या घरालाही.

पुढच्या बैठकीत काकूंना हे उत्तर वाचून दाखवा, आणि त्यांचा नवा प्रश्न आम्हाला नक्की कळवा.