लेकीच्या फॅशनच्या पदवीचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "पोरगी फॅशन डिझायनिंगला जायचं म्हणतेय. फी दीड लाख सांगतात. गटातून कर्ज मिळेल का?" पोरीची हौस खरी असते आणि आईची तळमळही खरी. पण पैसा सगळ्या जणींच्या बचतीचा आहे. म्हणून या पदवीतून हातात काय पडतं, याचा हिशेब आज मांडू.

पहिली गोष्ट, "फॅशनचा कोर्स" या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात. आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि फॅशन डिझाइनचे एक वर्षाचे कोर्स असतात, फी अगदी थोडी. काही शासकीय तंत्रनिकेतनांत दहावीनंतर कपडे तयार करण्याची तीन वर्षांची पदविका आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकता येतं. त्यांचा पुण्याचा परिसर कर्वे रस्त्यावर आहे, म्हणजे घोरावाडीहून लोकलने शिवाजीनगर आणि पुढे बस. मुंबईजवळ खारघरला केंद्र सरकारची निफ्ट संस्था आहे. तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि चार वर्षांची फी काही लाखांत जाते. इचलकरंजीच्या डीकेटीईत कापड बनवण्याची इंजिनिअरिंगची पदवी मिळते, त्याला बारावी सायन्स लागतं. आणि शेवटी खासगी इन्स्टिट्यूट. फी मोठी, जाहिरात मोठी, पण कागद कुणाचा ते विचारल्याशिवाय कळत नाही.

आता आकडे. हे मी समजायला धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

एक मुलगी घरीच ब्लाउज शिवते. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ३५० रुपये. अस्तर, दोरा, हूक, वीज यांचे ८० गेले की २७० उरतात. लग्नसराईत काम भरपूर, भातलावणीच्या दिवसांत मशीन बंद. वर्षाची सरासरी धरून महिन्याला ९,००० सुटतात असं समजू.

दुसरी मुलगी कर्ज काढून पदवी घेते. आपल्या तळेगाव-चाकणचे मोठे कारखाने गाड्यांचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे आहेत. तयार कपड्यांचं मोठं काम मुंबई, बंगळुरू, तिरुपूरकडे. म्हणजे नोकरीसाठी बाहेर राहणं आलं. सुरुवातीचा पगार १८,००० धरू. राहणं, जेवण, प्रवास यांत ९,००० गेले, उरले ९,०००. फीचं कर्ज व्याज धरून ३ लाखांवर गेलेलं असेल, तर १० टक्के व्याजाने सात वर्षांचा हप्ता महिना ४,९८० रुपयांच्या आसपास बसतो. हातात राहिले चार हजार. शिवाय शिकण्याच्या तीन वर्षांत तिने घरी महिन्याला जे ९,००० मिळवले असते, ते ३ लाख २४ हजार बुडाले.

मग पदवी नकोच का? तसं नाही. पॅटर्न काढणं, संगणकावर डिझाइन करणं, मालाची तपासणी, ऑर्डरचा भाव ठरवणं, ही कामं शिकलेल्या मुलीचा पगार अनुभवाने वाढत जातो. घरच्या शिलाईला गाव किती भाव देईल याला मर्यादा असते. कॉलेजात शिकवायचं तर पदवी आणि त्यापुढचं शिक्षण लागतंच. आणि वरच्याच हिशेबात कर्जाचा हप्ता काढून टाका. दोघी पहिल्याच महिन्यात बरोबरीला येतात, पुढे शिकलेली वर जाते. म्हणजे पदवी फायद्याची की तोट्याची हे ठरतं ती किती पैशांत घेतली यावर.

ती स्वस्तात कशी घ्यायची? २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. आर्थिक दुर्बल, मराठा समाजासह सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ही सवलत आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. त्यामुळे कॉलेजात आधी विचारायचं, "हा कोर्स सवलतीत बसतो का?"

कर्ज लागलंच तर ते बँकेचं शैक्षणिक कर्ज असावं. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतो. गटाचं कर्ज शेकडा दोन दराने घेतलं तर ५० हजारांवर महिन्याला हजार रुपये व्याज, तेही पुढच्याच महिन्यापासून. मुलगी अजून पहिल्या वर्षाला असते आणि आईचा हप्ता थकतो. मग बैठकीत ती मान खाली घालून बसते आणि दुसरीला बियाण्याला पैसे मिळत नाहीत. गटाचं कर्ज मशीनला घ्या, ते मशीन लगेच कमवायला लागतं. शिलाई आधीपासून करत असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांसाठी १५,००० रुपयांच्या अवजारांची आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या १ लाख कर्जाची तरतूद आहे, तिचीही चौकशी करा.

पैसे भरण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? फीखेरीज कापड, साहित्य, लॅपटॉप, फाइल यांचा एकूण खर्च किती? मध्येच सोडलं तर फी परत किती? आणि मागच्या वर्षीच्या तीन मुली आज कुठे, किती पगारावर आहेत? त्यांच्याशी बोलायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला जिथे नुसता चकचकीत फोटो दाखवतात, तिथून उठून यायचं.

माहितीपत्रकात मोठी नावं असतात. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या शिकल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, म्हणजे सरकारी संस्थेत.

येत्या बैठकीत ज्यांच्या मुली दहावी-बारावीला आहेत त्यांनी कागद-पेन घेऊन बसा. एका बाजूला सगळा खर्च, दुसऱ्या बाजूला हातात उरणारा पैसा. मुलीलाही शेजारी बसवा, हिशेब तिलाच करू द्या. उद्या धंदा करो की नोकरी, हा धडा तिला दोन्हीकडे लागणार आहे.