फायनल असूनही ५-० कसं झालं?

३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल झाली. पॅरिस सेंट जर्मेन म्हणजे पीएसजीने इंटर मिलानला ५-० ने हरवलं. या स्पर्धेच्या फायनलमध्ये पाच गोलांच्या फरकाने त्याआधी कुणीच जिंकलं नव्हतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, तरी बरीच मुलं जागी होती. पुढे शाळेत आम्हाला एकच सवाल आला, "सर, इंटर इतकी कमजोर टीम होती का?"

नाही. सेमीफायनलमध्ये याच इंटरने बार्सिलोनाला दोन सामने मिळून ७-६ ने हरवलं होतं. मग झालं काय?

पीएसजीने सुरुवातीलाच बॉल इंटरच्या हद्दीत लांब मैदानाबाहेर मारला. बॉल स्वतःहून देऊन टाकला! पाहणाऱ्याला ही चूक वाटेल. पण हिशेब साधा होता: थ्रो तुम्ही घ्या, तुमच्याच गोलजवळ आम्ही तुम्हाला घेरतो. याला प्रेसिंग म्हणतात. समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. इंटरचा गोलकीपर सोमर आणि मधल्या फळीतला मखितारियन ३६ वर्षांचे, तर डिफेंडर अचेर्बी ३७ चा. समोर पीएसजीचा दुए फक्त १९ वर्षांचा. त्याने १२ व्या मिनिटाला हकीमीला गोल करून दिला, मग स्वतः दोन केले. चौथा क्वारात्सखेलियाचा. पाचवा मायुलूचा, तोही १९ चाच.

आता खरी गोष्ट. त्या रात्री डेम्बेलेने एकही गोल केला नाही. दोन गोलांना शेवटचा पास त्याचा होता, पण त्याचं मोठं काम बॉल पायात नसतानाचं. गोलकीपरवर, डिफेंडरवर तो सतत धावून जात होता. सामन्यानंतर कोच लुइस एनरिके यांनी खास तारीफ केली ती याच मेहनतीची. सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ओर डेम्बेलेलाच मिळाला.

मेस्सी, नेमार, एम्बाप्पे हे तिघेही एकत्र असताना पीएसजीला हा कप मिळाला नव्हता. तिघेही गेल्यावर मिळाला. नावं मोठी असून भागत नाही, अकराच्या अकरा जणांना धावावं लागतं.

आणखी एक दृश्य मुलांना जरूर दाखवा. पहिला गोल करणारा अशरफ हकीमी आधी इंटरकडून खेळलेला. माद्रिदमध्ये मोरोक्कन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा. गोल केल्यावर तो नाचला नाही; इंटरच्या लोकांकडे हात करून त्याने माफी मागितली. जिथलं मीठ खाल्लं, तिथला अदब राखला. त्याच रात्री फ्रान्समध्ये जल्लोषाच्या गोंधळात दोघांचा जीव गेला, शेकडो जणांना अटक झाली. जिंकणं पचवणंही शिकावं लागतं.

आमच्या वर्गातही गोल करणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. मागे येऊन बॉल अडवणारा मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. घरी मुलगा मॅच खेळून आला की आपण विचारतो, "किती गोल केलेस?" यापुढे एक सवाल आणखी विचारू या: "बॉल तुझ्याकडे नव्हता, तेव्हा तू काय केलंस?"